चतुःसीमा आणि सामाईक भिंत

खरेदीखत हाती आले की सर्वसामान्य माणूस प्रथम किमतीचा आकडा पाहतो आणि मग सह्या पाहतो. राज्य शासनाच्या महसूल खात्यात सारी हयात गेल्यामुळे माझी नजर सवयीने तिसऱ्याच ठिकाणी जाते. ते ठिकाण म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस व उत्तरेस काय, हे चार ओळींत सांगणारे कलम लेखनिक यांत्रिकपणे उतरवून घेतो आणि पक्षकार ते बहुधा वाचतही नाहीत. वास्तविक घराचा इतिहास त्या चार ओळींतच दडलेला असतो.

२०१८ साली मी सेवानिवृत्त झालो आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याच्या जुन्या शहरात, मांडवीपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, एका पोळीतले ओळीतले जुने घर विकत घेतले. नातेवाइकांना ही निव्वळ लहर वाटली. शहरातली माणसे मांजलपूर, अलकापुरी, वाघोडिया रस्ता अशी बाहेर सरकत असताना हा गृहस्थ उलट आत का निघाला, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधे होते. याच ओळीतील तिसऱ्या घरात आम्ही १९८४ पर्यंत भाड्याने राहत होतो. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते आणि माझे बालपण त्या ओट्यावर गेले.

घराबरोबर कागदपत्रांची जी चळत मिळाली तिच्यात १९११ सालचे एक मोडी खत होते. त्यातील चतुःसीमा अशी : पूर्वेस एका बोहरी व्यापाऱ्याचे घर, भिंत सामाईक, पश्चिमेस कासाराचे घर, भिंत सामाईक, दक्षिणेस जाण्यायेण्याचा बोळ, उत्तरेस विहिरीचा चौक, वापर सर्वांचा. खाली दोन साक्षी होत्या. त्यांपैकी एक सही गुजराती लिपीत असून ती पूर्वेकडील त्याच व्यापाऱ्याची होती. विकणारा गायकवाडी शिलेदार, घेणारा गुजराती वाणी, साक्षीला बोहरी शेजारी आणि खत मोडीत, असा तो एका कागदात मावलेला बडोदा शहराचा नमुना होता. ते खत वाचताना जो प्रश्न मनात उभा राहिला तोच या लेखाचा विषय आहे. ज्या घराच्या दोन भिंती दुसऱ्याच्याही आहेत, ते घर एकट्याने विकत घेता येते काय? आणि ते कोणी घ्यावे, हे सांगण्याचा शेजाऱ्याचा अधिकार किती?

प्रथम ही भिंत म्हणजे काय, ते पाहू. आमच्याकडील जुनी घरे विटांच्या भरावाची असली तरी त्यांचा जीव लाकडात असतो. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या असा सांगाडा आधी उभा राहतो आणि मधल्या जागा विटा-चुन्याने भरल्या जातात. ओळीतील दोन घरांमध्ये भिंत एकच असल्याने तिच्यात दोन्ही बाजूंच्या तुळयांची टोके विसावतात. म्हणून एकाने आपले घर पाडायला घेतले की दुसऱ्याच्या माळ्यावरची जमीन हलते. एकाच्या पन्हळीला भोक पडले की ओल दुसऱ्याच्या माजघरात उतरते. एकाच्या लाकडाला वाळवी लागली की ती परवानगी न विचारता पलीकडे जाते. पागोळ्या कोणाच्या चौकात पडाव्यात, मोरीचे पाणी कुठून वाहावे, माळ्याची खिडकी कोणाच्या अंगणावर उघडावी, हे सगळे प्रश्न या एका भिंतीतून जन्म घेतात. ‘पोळ’ हा शब्दही संस्कृतातील ‘प्रतोली’ म्हणजे वेशीचे द्वार यावरून आला, असे मानतात. एक दरवाजा, त्याच्या आत एक बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना एकमेकींच्या आधाराने उभी असलेली घरे, अशी ही रचना आहे. स्वतंत्र बंगला म्हाताऱ्या माणसासारखा एकटा राहू शकतो. ओळीतल्या घराला ते जमत नाही.

ही गोष्ट आपल्या प्राचीन धर्मशास्त्रकारांना उत्तम ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तूसंबंधीची स्वतंत्र प्रकरणे आहेत. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे ती आपल्याला सहज उपलब्ध झाली. घर विकायचे झाल्यास ते प्रथम ज्ञातींनी, मग शेजाऱ्यांनी आणि नंतर धनकोंनी विकत घ्यावे, असा क्रम कौटिल्याने लावून दिला आहे. एवढेच नव्हे, तर शेजारच्या चाळीस कुळांसमोर, त्या घराच्या पुढ्यात उभे राहून विक्रीचा पुकारा करावा आणि या किमतीला कोणी घेणारा आहे काय, असे तीन वेळा विचारावे, असेही तो सांगतो. कोणी हरकत घेतली नाही तर मागणाऱ्याला ते घेता येई. चढाओढीने किंमत वाढलीच, तर वाढीव रक्कम राजकोशात जाई. कौटिल्य तिथेही तिजोरीला विसरत नाही, हे पाहून महसूल खात्यातील माणसाला आपलेपणा वाटल्याखेरीज राहत नाही.

मात्र शेजाऱ्याची संमती नेमकी कशासाठी, याचे उत्तर मला कौटिल्यापेक्षा विज्ञानेश्वरात अधिक स्वच्छ मिळाले. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहावा विक्रमादित्य राज्य करीत असताना, या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. जमिनीचे हस्तांतर गावाच्या, ज्ञातींच्या, शेजाऱ्यांच्या आणि वारसदारांच्या अनुमतीने व्हावे, असे एक वचन त्या काळी प्रचलित होते. विज्ञानेश्वर त्याची छाननी करतो. गावाची अनुमती व्यवहार उघड व्हावा म्हणून, ज्ञातींची व्यवहार सुलभ व्हावा म्हणून आणि शेजाऱ्याची अनुमती सीमेचा तंटा राहू नये म्हणून, असा त्याचा निर्वाळा आहे. गावाची संमती नाही म्हणून व्यवहारच सिद्ध होत नाही, असे तो मानत नाही. म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका दाक्षिणात्य टीकाकाराने या प्रश्नातील मर्म ओळखले होते. शेजाऱ्याला विचारायचे ते भिंतीबद्दल. घेणाऱ्याच्या कुळाबद्दल नव्हे.

मुसलमानी अमलाबरोबर याच विषयाचे एक शिस्तबद्ध शास्त्र आपल्याकडे आले. त्याचे नाव हक्क-शुफा. आपल्या कायद्याच्या परिभाषेत त्याला अग्रक्रयाधिकार म्हणतात. हा हक्क तीन प्रकारच्या माणसांना असतो आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला मिळकतीतील सहमालक. दुसरा, वाट किंवा पाणी यांसारख्या सोयींत भागीदार असलेला. तिसरा, नुसता लगतचा शेजारी. घर परक्याला विकले गेले, तर तीच किंमत देऊन ते आपल्याकडे घेण्याची मुभा या तिघांना क्रमाने मिळते. परंतु अटी कडक होत्या. विक्रीची वार्ता कानावर पडताच क्षणाचाही विलंब न लावता मागणी उच्चारली पाहिजे आणि मग साक्षीदारांसमक्ष तिचा पुनरुच्चार केला पाहिजे. जो विचार करीत बसला त्याचा हक्क गेला. न्यायालयांनाही हा हक्क फारसा प्रिय नव्हता, कारण तो मालकाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालतो. १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी या हक्काच्या स्वरूपाची जी मीमांसा केली, ती पुढे अनेक दशके आधारभूत मानली गेली.

आश्चर्याची गोष्ट ही की गुजरातेत हा हक्क मुसलमानांपुरता राहिला नाही. अहमदाबाद, सुरत, भडोच, खेडा, गोधरा या भागांत हिंदूंनीही तो रूढी म्हणून उचलला आणि इंग्रजी न्यायालयांनी ती रूढी मान्य केली. एक वाणी दुसऱ्या वाण्याविरुद्ध शुफ्याचा दावा लावी आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नसे. याचे कारण धर्मात शोधण्यापेक्षा घरांच्या रचनेत शोधावे, असे मला वाटते. जिथे भिंती सामाईक तिथे ही रूढी सोयीची होती.

पण सोयीच्या रूढीला दुसरे अंगही होते. अहमदाबादच्या पोळींतून पोळीचे पंच असत. पोळीचा दरवाजा, पहारा, दिवाबत्ती, विहीर यांचा खर्च सामाईक निधीतून चाले. घर विकले गेले की त्या निधीत काही रक्कम भरावी लागे आणि बाहेरच्या माणसाला घर देण्यापूर्वी पोळीचा होकार घ्यावा लागे. होकार कशाला लागे? पहाऱ्याच्या खर्चात हा माणूस वाटा उचलेल की नाही, यासाठी. आणि हा माणूस आपल्यातला आहे की नाही, यासाठीही. पहिला प्रश्न भिंतीचा, दुसरा जातीचा. दोन्ही एकाच पंचांपुढे, एकाच बैठकीत निघत, आणि कालांतराने कोणता कोणता हे वेगळे काढणे अवघड होऊन बसले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने मालमत्ता मिळवण्याचा, बाळगण्याचा व विकण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या यादीतून वगळला गेला. परंतु मधल्या काळात अग्रक्रयाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६२ सालच्या भाऊराम विरुद्ध बैजनाथ या प्रकरणात रेवा संस्थानचा कायदा, पंजाबचा कायदा आणि आपल्या वऱ्हाडचा जमीन महसूल कायदा या तिन्हींतील तरतुदी एकत्र तपासल्या गेल्या. बहुमताने जो निर्णय झाला तो मी माझ्या सेवाकाळात अनेकदा वाचला. सहमालकाचा अग्रहक्क न्यायालयाने उचलून धरला. ज्या घरांचे रस्त्यावरचे प्रवेशद्वार सामाईक आहे त्यांचा प्रश्न सहमालकाच्या जवळचा मानला. मात्र केवळ शेजारी आहे म्हणून मिळणारा अग्रहक्क अवाजवी बंधन ठरवून रद्द केला. जातींनी आणि जमातींनी आपापल्या वस्त्या राखून ठेवण्याची जुनी धडपड नव्या संविधानाखाली समर्थनीय राहिली नाही, असे त्यामागचे विचारसूत्र होते. हा हक्क कायद्यातून नव्हे तर रूढीतून आला असला तरी तो टिकणार नाही, हे १९६४ साली संतराम विरुद्ध लाभसिंग या निकालाने स्पष्ट झाले.

विज्ञानेश्वराने केलेला भेदच येथे नव्या भाषेत अवतरला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये. जिथे खरोखर काही सामाईक आहे तिथे शेजाऱ्याचे म्हणणे ऐका. जिथे केवळ परका नको ही भावना आहे तिथे ऐकू नका. शेजाऱ्याचा अग्रहक्क इतिहासजमा झाला, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो.

इतिहासाने मात्र तो विषय इतक्यात मिटवला नव्हता. १९६९ च्या सप्टेंबरात अहमदाबादेत दंगल पेटली आणि तिचे लोण बडोद्यात आले. मी नऊ वर्षांचा होतो. संचारबंदीत बोळात उतरायची सोय नव्हती. रात्री वडील पलीकडच्या भिंतीवर मुठीने तीन ठोके मारीत आणि पलीकडून तीन ठोके परत येत. त्याचा अर्थ इतकाच, की आम्ही ठीक आहोत. पलीकडे बोहरी कुटुंब होते. बडोदे हे अलवी बोहरा समाजाचे मुख्य पीठ आहे आणि वाडी भागातील त्यांचे मोहल्ले आमच्या पोळीपासून दूर नाहीत. त्या दिवसांत भिंतीला कान असतात ही म्हण आम्हां मुलांना फार आश्वासक वाटे.

१९८५ साली अहमदाबादेत पुन्हा प्रदीर्घ दंगली झाल्या. भयापोटी लोक घरे मिळेल त्या किमतीला फुंकू लागले. हे थांबवण्यासाठी राज्याने १९८६ साली कायदा केला आणि त्याच्या जागी १९९१ साली अधिक सविस्तर अधिनियम आणला. त्याचे नाव लांबलचक आहे. लोकांच्या तोंडी तो अशांत धारा. अशांत म्हणून जाहीर झालेल्या भागात कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेले स्थावराचे हस्तांतर निरर्थक ठरते. परवानगी देताना पाहायच्या मुख्य गोष्टी दोन : विकणारा राजीखुशीने विकतो आहे काय, आणि त्याला रास्त किंमत मिळते आहे काय. भाडेकरूंना हुसकावून लावू नये, अशीही त्यात तरतूद होती. हेतू निःसंशय चांगला होता. भेदरलेल्या माणसाचे घर मातीमोल जाऊ नये, यात कोणाला वावगे वाटेल?

पण कायदा कागदावर असतो आणि चौकशी माणसे करतात. त्या माणसांपैकी मी एक होतो. १९९० नंतरच्या दशकात, एका जिल्ह्याच्या ठिकाणी, असे एक प्रकरण माझ्याकडे आले. एका निवृत्त हिंदू शिक्षकांना आपले ओळीतले घर लगतच्या मुसलमान शिंप्याला विकायचे होते. किंमत जंत्रीहून बरीच वर होती. शिक्षकांनी जबाबात स्वच्छ सांगितले की मुले परगावी आहेत, पैसा हवा आहे, आणि भिंतीची डागडुजी गेली वीस वर्षे हाच माणूस करीत आला आहे. मग हरकती आल्या. हरकत घेणारे अकरा जण होते. त्यांपैकी एकाच्याही घराची भिंत त्या घराला लागून नव्हती. चौघे तर पलीकडच्या पोळीतले होते. मी त्यांचे जबाब नोंदवले आणि टिपणीच्या शेवटी लिहिले : परिसरातील लोकांच्या भावना लक्षात घेता विनंती मान्य करणे इष्ट वाटत नाही. राजीखुशी व किंमत या दोन्ही कसोट्या उतरल्या होत्या. भावना ही तिसरी कसोटी अधिनियमात नव्हती. ती मी घातली. वरिष्ठांनी टिपणी मान्य केली. कोणी मला तसे लिहायला सांगितले नव्हते. वाद टळावा, बदलीपर्यंतचे दिवस शांततेत जावेत, एवढाच माझा हेतू होता.

शिक्षक पुढे वारले. घराला कुलूप लागले. काही वर्षांनी एका पावसाळ्यात ते घर खचले आणि जाताना शिंप्याची भिंतही अर्धी घेऊन गेले. हे मला एका जुन्या सहकाऱ्याने सहज बोलता बोलता सांगितले. त्या अकरा हरकतदारांपैकी कोणाच्याही घरी त्या रात्री धूळ उडाली नसणार.

आता माझ्या खरेदीकडे येतो. घराची मालकीण एक वृद्ध गुजराती विधवा होती. पूर्वेचा शेजारी म्हणजे १९११ च्या खतावर साक्ष घालणाऱ्या व्यापाऱ्याचा पणतू. त्याला धाकट्या मुलासाठी हेच घर हवे होते आणि त्याने मनात धरलेली किंमत माझ्यापेक्षा सव्वा लाखाने अधिक होती. बानाखत होण्यापूर्वी मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि त्याला विचारले, की तुम्ही का घेत नाही? तो गुजरातीत म्हणाला, “साहेब, अर्ज करीन, हरकती येतील, दोन वर्षे जातील, आजींना तेवढा वेळ कुठे आहे? तुम्ही घ्या. भिंत तरी सांभाळाल.” माझा अर्ज मात्र एकाही हरकतीवाचून निघाला आणि परवानगी अडीच महिन्यांत हाती आली.

म्हणजे कौटिल्याच्या क्रमाने, शुफ्याच्या क्रमाने आणि साध्या माणुसकीच्या क्रमाने ज्याचा पहिला हक्क, तो बाजूला राहिला आणि घर मला मिळाले. त्या वृद्धेला सव्वा लाख कमी मिळाले. विकणाऱ्याला रास्त किंमत मिळावी म्हणून जो कायदा झाला, त्याच्या नुसत्या धाकाने येथे किंमत खाली आली आणि तिचा लाभ एका निवृत्त महसूल अधिकाऱ्याच्या पदरात पडला. मी काही बेकायदा केले नाही. पण बेकायदा नसणे आणि निर्दोष असणे यांतील अंतर चतुःसीमेत लिहिलेले नसते.

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. २०१९ च्या जुलैत विधानसभेने या अधिनियमात दुरुस्ती केली आणि २०२० च्या ऑक्टोबरात तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. एका समाजाच्या लोकांचे अयोग्य एकत्रीकरण होते काय, लोकसंख्येचा समतोल ढळतो काय, असे नवे निकष तिच्यात आले. माझ्या टिपणीतील ‘भावना’ या शब्दाला जणू कायद्याचा पोशाख मिळाला. २०२१ च्या जानेवारीत गुजरात उच्च न्यायालयाने त्यांतील काही तरतुदींनुसार अधिसूचना काढण्यास अंतरिम मनाई केली. बडोद्याच्याच चांपानेर दरवाजा भागातील एका दुकानाचे प्रकरणही बोलके आहे. हिंदू मालकांनी ते मुसलमान खरेदीदाराला विकले होते आणि आसपासच्यांनी हरकत घेतली होती. उच्च न्यायालयाने २०२० साली राजीखुशी व रास्त किंमत याच कसोट्यांवर विक्री योग्य ठरवली आणि २०२३ साली पुन्हा आलेल्या हरकतदारांचे अर्ज खर्चाच्या रकमेसह फेटाळले. ज्याने घर किंवा दुकान पैसे मोजून घेतले त्याला त्याचा उपभोग घेऊ न देणे न्यायालयाला चिंताजनक वाटले.

न्यायालयांचा कौल नेहमी एकाच दिशेला गेला, असे मात्र समजू नये. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. संस्था स्वेच्छेने स्थापन झाली, तिच्यात येणाऱ्याने नियम मान्य केले, असा त्यामागचा तर्क. तर्क म्हणून तो समजतो. परंतु नव्या वसाहतींतून अशी कुंपणे वाढली आणि जुन्या पोळींत कायद्याचा धाक राहिला, तर सरमिसळ वस्ती उरायची कुठे?

गायकवाडांचे बडोदे मुळातच सरमिसळीचे होते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कायद्याच्या परिभाषेचा कोश आठ भाषांतून सिद्ध झाला. एकेका कायदेशीर शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी, बंगाली व इंग्रजी प्रतिशब्द शेजारी शेजारी बसवलेला हा ग्रंथ मला नेहमी एखाद्या पोळीसारखा वाटतो. आपण मराठी माणसे या नगरात विजेते म्हणून आलो आणि शेजारी म्हणून राहिलो. टिकलो ते दुसऱ्या नात्याने. १९४९ साली राज्य विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळा झाला, तरी आपल्याला कोणी पोळीतून उठवले नाही. याचे स्मरण आपण ठेवायला हवे.

खरेदीनंतर मी एकच गोष्ट केली. नव्या खताच्या चतुःसीमेत लेखनिकाने नुसते ‘पूर्वेस अन्य मिळकत’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि १९११ चे शब्द जसेच्या तसे घालायला लावले : भिंत सामाईक. शिवाय शेजाऱ्याबरोबर एका साध्या कागदावर लिहून ठेवले, की भिंतीचा खर्च निम्मा-निम्मा, आणि दोघांपैकी कोणालाही विकायची वेळ आली तर प्रथम दुसऱ्याला विचारायचे. या कागदाला न्यायालयात किती वजन मिळेल ते मी जाणतो. शिवाय परवानगीची पायरी त्याने टळत नाही. तरीही तो लिहिला.

त्याच वर्षी ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. विश्वामित्री फुगली, शहर पाण्यात गेले. आमच्या पोळीत पूर आला नाही, पण रात्री नवाच्या सुमारास पूर्वेची भिंत माळ्याच्या पातळीवर फुगलेली दिसली. वीज नव्हती. मी बत्ती घेऊन उभा होतो तोच पलीकडून मुठीने तीन ठोके पडले. शेजारी, त्याचे दोन मुलगे आणि मी, आम्ही रात्री दीडपर्यंत दोन्ही अंगांनी सागाचे टेकू लावले. त्याच्या माळ्यावरचे कापडाचे तागे माझ्या ओसरीत आले. भिंत उभी राहिली.

दिवाळीनंतर गवंडी लावला. खर्च निम्मा-निम्मा झाला. हिशेबाची चिठ्ठी मी मोडी खताच्या चळतीत ठेवून दिली आहे. धाकटा मुलगा आता वाघोडिया रस्त्याला भाड्याने राहतो आणि रविवारी सहकुटुंब येतो. त्याची मुले दोन्ही ओट्यांवर खेळतात. मी घरात असलो की ती मला ‘साहेबदादा’ म्हणून हाक मारतात. त्यांच्या बापाला हे घर मिळायला हवे होते, हे त्यांना अजून ठाऊक नाही.